ओली पट्टी

कपाळावरची ओली पट्टी पुन्हा गरम झाली. आज ताप मलाच आहे आणि घरात दुसरं कुणी नाही, म्हणून उठून मीच ती भिजवतो. अशा वेळी गेनू आठवतोच.

मी तुरुंगाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. पाटाच्या पाण्यावरून भांडताना गेनूने धाकट्या भावाच्या डोक्यात फावडं घातलं होतं. फाशी आठवड्यावर आली आणि तो तापाने फणफणला. आजारी माणसाला फाशी देत नाहीत, तारीख पुढे जाते. मी तीन दिवस उशाशी बसून पट्ट्या बदलल्या.

"धाकल्याला ताप आला की मीबी अशाच ठिवायचो, साहेब," तो म्हणाला आणि स्वतःच्या हातांकडे बघत रडत राहिला. "ह्याच हातांनी."

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी आनंदाने धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तपासून लिहिलं, 'प्रकृती उत्तम.' ठरल्या दिवशी त्याला फाशी झाली.

"न्याय झाला," जेलर म्हणाले. पण फावडं घालणारा गेनू मी कधी पाहिलाच नव्हता. आम्ही मारला तो रडणारा.

पट्टी पिळता पिळता मी माझ्या हातांकडे बघत राहतो.