नापास केबल

"बाबा, ये तो फुल हो गया," विक्रम म्हणाला आणि हातातली मटारची शेंग तशीच परातीत टाकून उठला.

चंद्रहासरावांनी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तासही झाला नव्हता. लखनौत मानक नगरला रेल्वेच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर ब्रेक आणि स्प्रिंगा तपासल्या होत्या, पण एखाद्या चाचणीचा निकाल पाहून इतका आनंद त्यांना क्वचितच झाला होता.

"सांगत होतो ना? चार्जर चांगला, फोन चांगला. खोट केबलमध्येच होती."

"कमाल है. आई के टाइम से झेल रहे थे." विक्रमने हेल्मेट उचललं. "अच्छा, चलता हूँ. गोमती नगर में क्लाएंट बैठा है."

"अरे, मटार भात करणार होतो..."

"अगले संडे, बाबा."

स्कूटर गल्लीच्या टोकाला वळलीसुद्धा. परातीत निम्म्याहून जास्त शेंगा तशाच पडल्या होत्या.

विक्रमचा फोन म्हणजे त्याचं सगळं ऑफिस. दर रविवारी अलीगंजला आईवडिलांकडे यायचा तो बॅटरी लाल झालेली घेऊनच, आणि फोन भरल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. त्याच्या फ्लॅटवर तो फोन चहा होईपर्यंत निम्मा भरायचा. तस्साच दुसरा चार्जर त्याने इथेही आणून ठेवला होता, पण इथे दुपार कलली तरी फोन आपला रेंगाळतोय. पॉवर बँक लावली तरी तीच गत, कारण तिलाही केबल तीच. करडी, वीतभर लांबीची. त्याच्या आईने, विनयाताईंनी, बाजारातून आणलेली. "तुझी पांढरी माझ्याकडून तुटली रे," त्या म्हणाल्या होत्या. केबल आखूड, म्हणून फोन प्लगजवळच्या फ्रीजवर. फोन फ्रीजवर, म्हणून विक्रम स्वयंपाकघरात आईसमोर. आणि हात रिकामे, म्हणून शेंगा सोलायला. पलीकडच्या खोलीत पेपर वाचताना चंद्रहासरावांना दोघांचं हसणं ऐकू यायचं.

दिवाळीनंतर विनयाताई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. विक्रम मात्र रविवारी येत राहिला, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर आता चंद्रहासराव बसू लागले. बापलेकांत उभ्या जन्मात गप्पा अशा झाल्याच नव्हत्या. पहिल्यांदा दोघं मुकाट शेंगा सोलत बसले. पुढच्या वेळी विक्रमने आईच्या हातच्या निमोन्याची आठवण काढली. ही मराठी बाई मटारचं ते रस्सेदार कालवण लखनौच्या बायकांच्या तोंडात मारेल असं करायची. मग एका रविवारी, फोन अजून निम्माही भरला नव्हता, तेव्हा खाली मान घालून तो म्हणाला, "बाबा, घर में मन नहीं लगता आजकल. मीनाक्षी से बात ही नहीं होती."

पोराचं आणि सुनेचं बिनसलंय हे चंद्रहासरावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. विनया असती तर तिने बरोबर दोन शब्द काढले असते. यांना शब्द सुचेनात. पण पोरासाठी काहीतरी करावं असं फार वाटलं, आणि त्यांना येत होतं ते एकच: दोष शोधायचा आणि काढून टाकायचा.

आठवडाभर जेवणाच्या टेबलाची प्रयोगशाळा झाली. चार्जिंग मोजायचा छोटा मीटर आला. विक्रमचा चार्जर, शेजारच्या पद्माजींच्या लॅपटॉपचा चार्जर, पॉवर बँक, सगळं विक्रमच्या फोनच्याच कंपनीच्या एका जुन्या फोनला लावून झालं. करडी केबल आली की मीटरचा आकडा बसलेल्या म्हशीसारखा हलायलाच तयार नाही. मग विनयाताईंच्या शिवणाच्या डब्यात ती पांढरी केबल सापडली. चांगली धडधाकट. विसरली असेल बिचारी, त्यांना वाटलं. पांढरी लावली आणि आकडा टुणकन वर गेला. करडी त्यांनी पक्कडीने मधोमध कापली. प्रयोगशाळेचा रिवाजच तो. नापास माल अखंड ठेवायचा नाही, नाहीतर कुणीतरी पुन्हा वापरतं.

मटार भात राहिला, तो राहिलाच. पुढच्या रविवारी विक्रम आला तसा गेला. त्याच्या पुढच्या रविवारी नुसता फोन आला.

"आपने सही पकड़ा था, बाबा. पॉवर बँक के लिए भी वैसी ही केबल ले ली, रास्ते में ही चार्ज हो जाता है. आज नहीं आ पाऊँगा, हाँ?"

"बरं," चंद्रहासराव म्हणाले. मीनाक्षीचं विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं, तोवर फोन बंद झाला.

राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. संध्याकाळी केबलचे दोन तुकडे खिशात घालून ते बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि तुकडे दुकानदार रस्तोगीच्या काउंटरवर टाकले.

"एक बुजुर्ग औरत को ऐसा माल बेचते हैं आप?"

रस्तोगीने तुकडे उचलून पाहिले. "अरे, ये तो मराठी आंटीजी वाली है. हमने तो बहुत मना किया था, अंकल. अच्छी वाली सामने रखी थी. मानी ही नहीं. कहने लगीं, भैया, बेटा सिर्फ इतवार को आता है. जो सबसे धीरे चार्ज करे, वही दीजिए."

चंद्रहासरावांनी दोन्ही तुकडे परत खिशात ठेवले.

"ऐसी एक और मिलेगी?"

रस्तोगीने खालचा खोका काढला, तळापर्यंत चाळला आणि मान हलवली.

"अब धीरे वाली कहाँ आती है, अंकल. अब तो सब फास्ट ही आता है."