थंड टायरची हवा

पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत अडकलेला खडा शिवयोगींनी उकरून काढला आणि ते तसेच उकिडवे बसून राहिले. खाच फारच उथळ झाली होती. गाडी घेऊन अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

रविवारी उजाडता उजाडता लेकीच्या गाडीची हवा तपासायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. टायर गार असतानाच हवा खरी कळते, चालून तापला की आकडा फुगतो, हे गाडी विकणाऱ्यानं एकदा सांगितलं आणि शिवयोगींनी ते गुरुमंत्रासारखं धरलं. बॅटरीची गाडी अंगानं जड, टायर लवकर खाते, हेही खरं. पण घर ते ऑफिस एवढ्यावर इतके झिजतील? छे! सृष्टी कुठंतरी लांब जात होती आणि बापाला सांगत नव्हती.

हवेचे आकडे पडद्यावर दिसतात, ते बघायला ते आत बसले. बोट भलतीकडंच लागलं आणि नकाशा उघडला. जाऊन आलेल्या ठिकाणांत सगळ्यांत वर वळसंग होतं. गावातल्या एका घरावर पोरीनं खूण करून ठेवली होती. बदामाची, लाल.

वळसंगात त्यांचं ना गोत ना नातं. बदामाचा अर्थ कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

सिद्धेश्वरी गेली तेव्हा सृष्टी तीन वर्षांची होती. नव्या पेठेतलं कापडाचं दुकान सांभाळत त्यांनी एकट्यानं तिला वाढवलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तिच्या वेण्या घातल्या. बायकोचं कुणी विचारलंच, तर ‘गेली’ एवढंच म्हणायचे, आणि विचारणारा ओशाळून गप्प बसायचा. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. भिंतीवरच्या फोटोला हारसुद्धा घातला नाही. लोक म्हणायचे, काय जीव होता बाबा बायकोवर!

आता लेकही जाणार. तिनं लग्न करू नये असं थोडंच होतं? पण न सांगता गेली, तर या घरात बोलायचं कुणाशी? त्यांना भीती वाटली, अगदी लहान पोराला वाटते तशी.

ते उतरले, मागच्या टायरचं टोपण काढलं आणि आतली पिन दाबून धरली. सुस्स करत हवा निघू लागली. आज तरी ती जाणार नाही. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वाटेत काही झालं म्हणजे? त्यांनी पंप लावून होती तेवढी हवा पुन्हा भरली.

मान वर केली तर दारात सृष्टी उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

“वळसंगला निघालीस?” त्यांनी विचारलं.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ती खोटं बोलली नाही. हो म्हणाली.

“मी येतो.”

बराच वेळ ती हातातली किल्ली फिरवत राहिली. मग म्हणाली, “बसा अप्पा.”

अक्कलकोट रस्त्याला धुकं उतरलं होतं. इंजिनाचा आवाज नाही की धडधड नाही. गाडी जणू रस्त्याला न शिवता चालली होती. दोन्ही बाजूंची ज्वारी धुक्यात अर्धीच दिसत होती, नुसती कणसं तरंगत होती. नकाशातली बाई मधूनच हळू आवाजात वाट सांगायची आणि गप्प व्हायची. शिवयोगींचे डोळे मिटायला लागले. आपण कुठं निघालोय हे क्षणभर त्यांना आठवेना, आणि ते बरंच वाटलं. मांडीवर तीन वर्षांची सृष्टी आहे, तिचे केस नाकाला गुदगुल्या करतायत, असं काहीसं.

“अप्पा, रागावणार नाही ना?”

त्यांनी डोळे उघडले. सृष्टी समोर बघूनच बोलत होती.

“नाही.”

“कुणी असलं तरी?”

“कुणी असलं तरी,” ते म्हणाले. आणि म्हणताना त्यांना लई हलकं वाटलं. कोण असेल तो असो. जातीचा असो नसो, शिकलेला असो नसो. पोरीनं इतका जीव लावलाय ना, मग आपणही लावू. त्याला हाताला धरून सांगू, बाबा रे, घेऊन जा, पण दर रविवारी हिला आणत जा. टायरची हवा मी बघीन. त्यांनी मनातल्या मनात हे दोनदा म्हणून बघितलं, आणि दोन्ही वेळेला त्यांचे डोळे भरून आले.

गावात शिरताना धुकं विरळ झालं. एका बोळात गाडी वळली. तुमचं ठिकाण डाव्या बाजूला आहे, असं नकाशातल्या बाईनं सांगितलं आणि गाडी थांबली.

लहानसं घर होतं. शिवयोगींनी शर्टाची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. जावयापुढं असं झोपेतून उठल्यागत कसं जायचं? अंगणात एक बाई पाठमोरी बसून ज्वारी पाखडत होती. मुलाची आई असणार. त्यांनी हात जोडायची तयारी केली.

गाडीचं दार वाजलं तशी बाईनं सूप खाली ठेवलं, पदर खांद्यावर ओढला आणि वळून बघितलं. केस पांढरे झाले होते. बाकी सिद्धेश्वरी तशीच होती.

शिवयोगींचे जोडायला उचललेले हात तसेच राहिले.

“‘आई गेली’ म्हणालात, मी ती मेली असं समजले,” शेजारी उभी राहून सृष्टी म्हणाली. “कुठं गेली, ते तुम्ही सांगितलंच नाही की, अप्पा.”