बागेकडची खोली

त्या लॉजच्या बागेकडच्या खोल्या कुत्रा घेऊन येणाऱ्यांनाच मिळायच्या आणि बाकीच्या सगळ्या भरल्या होत्या. "आमचा कुत्रा मागून येतोय," असं सांगून एका आजी-आजोबांनी खोली पटकावली. पण मॅनेजरला वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. भुंकणं ऐकू यायचं, पण तेव्हा आजोबा नेमके फिरायला गेलेले असायचे. आणि आजोबा दिसले की कुत्रा झोपलेला.

शेवटी त्याने दार ठोठावलं. "आजी, आज कुत्रा दाखवा, नाहीतर खोली सोडा."

"अहो, अनोळखी माणसाला फाडून खातो तो!"

"खाऊ दे. दिसेल तरी!" म्हणत त्याने दाराच्या फटीतून हात आत घातला आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळत बाहेर ओढला. कुत्रा खराच निघाला म्हणून बिचाऱ्याने आजींची माफी मागितली. जखम बघायची हिंमत होईना, म्हणून बाहीवरूनच रुमाल गुंडाळून तो दवाखान्यात धावला.



डॉक्टरांनी रुमाल सोडला, बाहीत रुतलेली कवळी अलगद काढली आणि विचारलं, "कुत्रं बरंच म्हातारं होतं का हो?"