डोंगराची सायकल

“आधी रस्ता बघ, मग सायकल, आणि किंमत सगळ्यात शेवटी. दुकानदार उलटं करायला लावेल,” नवऱ्याने दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं होतं. धाप लागत होती, तरी पुढचं त्याने पुरं केलं. “पोराला कबूल केलंय मी. बारावं लागलं की डोंगराची सायकल. एवढं तू कर.”

“करीन,” ती म्हणाली होती.

आज रविवार. नवऱ्याची जुनी सायकल ढकलत ती दुकानात पोचली, तेव्हा पाय भरून आले होते. दीड महिना ते असेच भरून येत होते. रांगांत उभं राहून, कागदांवर सह्या करून, येणाऱ्या प्रत्येकाला तेच ते सांगून ती पार थकली होती.

दुकानदार म्हातारा होता. चष्मा कपाळावर आणि हात काळे. तिने सांगितलं, ही देऊन मुलाची सायकल घ्यायची आहे, बारावं लागलंय, आणि वर घालायला एवढेच आहेत. सांगून झाल्यावर तिला आठवलं, किंमत शेवटी.

“उंची?” त्याने विचारलं.

तिने हात कानाजवळ धरला. मग खांद्यापर्यंत खाली आणला. मग पुन्हा जरासा वर.

“एकदा काय ते ठरवा ताई,” तो हसला. “या वयात पोरं ताडमाड वाढतात, आयांनाच पत्ता नसतो.”

तिने एका लाल सायकलकडे बोट दाखवलं. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग. मुलाला आवडेल असं तिला वाटलं. दुकानदाराने मान हलवली. या पैशात दोन्हीकडे स्प्रिंग म्हणजे पायात बेडी, म्हणाला. चढावर पोरगं सायकल चालवणार की सायकल ओढत नेणार? त्यापेक्षा पुढे एक बरी स्प्रिंग, हलका सांगाडा आणि ब्रेक चांगले, यात पैसे घाला.

“पण चालवतो कसा? मुसंडी मारणारा की जपून जाणारा?”

“ते नाही सांगता यायचं.”

“मग घेऊनच या त्याला. सायकलवर टांग टाकून उभा राहिला की मिनिटात माप कळेल.”

“तो यायचा नाही. वडील गेल्यापासून कुणाशी बोलत नाही म्हणे.”

दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि थोडा वेळ नुसताच पुसायचं फडकं शोधत राहिला. मग जुनी सायकल उचलून उलटी उभी केली. पोरगं बापाचं बघूनच शिकतं, तो म्हणाला. बाप कसा चालवायचा ते ही सांगेल.

“दर रविवारी पहाटे डोंगरावर जायचे,” ती सवयीने म्हणाली. “बारा वर्षं.”

दिवेलागणीला ते सुखरूप परत येईपर्यंत आपण पाण्याखेरीज काही घेत नसू, हे तिने सांगितलं नाही. तशा गोष्टी सांगायच्या नसतात.

दुकानदाराने मागचं चाक फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.

“ही डोंगर चढलेली नाही, ताई.”

ती चाकाजवळ वाकली.

“ही सगळ्यात मोठी दातेरी चकती बघा. चढाला हीच लागते. दाते कोरे आहेत, कारखान्यातून आले तसे. मधल्या तेवढ्या झिजल्यात. सपाट रस्ता, तोही रोजचा ओळखीचा असावा तसा.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

तो पुढच्या नळीवरून बोट फिरवत होता. तिथला रंग पट्टीएवढा उडाला होता. दर सोमवारी सायकल पुसताना तिचा हात त्या जागेवरून जायचा. बाटली अडकवत असतील, असं तिला वाटायचं.

“हे घ्या उत्तर,” तो म्हणाला. “इथे मुलाची छोटी सीट आवळलेली होती. बापाने पोराला पुढे बसवून फिरवलंय. मूल पुढ्यात असल्यावर कोण डोंगर चढतो? बापाचं काळीज आहे, दुसरं काय.” त्याने डोळे बारीक केले. “फक्त सीट दर खेपेला काढलेली दिसते. एवढे ओरखडे त्याशिवाय पडायचे नाहीत. कशाला काढायचे, देव जाणे.”

“टापटीप होते फार,” ती म्हणाली.

दुकानदाराने थर्मासमधून दोन कप चहा ओतला. एक तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ कपाकडे बघत होती. बाहेर लख्ख ऊन होतं, दिवेलागणीला अजून खूप अवकाश होता. मग तिने कप उचलला आणि सगळा चहा प्यायली.

त्यानंतर तिने वेळ लावला नाही. हिरवी घेतली, पुढे एक स्प्रिंग असलेली. सीट वरखाली करायची चावी त्याने पिशवीत घालून दिली. उंचीचा अंदाज चुकला तर घरीच करता येईल, म्हणाला. घरपोच पाठवू का, असंही विचारलं.

“नको. मी कबूल केलंय, मीच नेते.”

“मग त्याला डोंगरावर तुम्हीच न्या आता.”

ती पहिल्यांदा थोडी हसली.

कोपऱ्यावर तिने सायकल भिंतीला टेकवली आणि पर्समधली चिठ्ठी उघडली. अक्षर नवऱ्याचं, शेवटच्या आठवड्यातलं, ओळीखाली घसरलेलं. पुलापलीकडची गल्ली, दुसरं घर, निळं दार. खाली एका बाईचं नाव. त्याखाली मुलाचं, आणि त्याच्यापुढे ती स्वतः बावीस वर्षं लावत आलेलं आडनाव.

तिने चिठ्ठी घडी करून ठेवली आणि सायकल पुलाच्या दिशेने वळवली. दार त्या मुलानेच उघडलं, तर त्याला आपण कोण म्हणून सांगायचं, एवढंच अजून ठरत नव्हतं.