कोरा बिल्ला

कुत्री वीतभर, पण तिचं नाव ठरवायला सगळ्यांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. गळ्यात घालायचा पितळी बिल्ला अजून कोराच. शिलाई मशीनवर मान मोडून बसलेल्या सुनेला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शी-शू काढायची मात्र तिनेच. आज नवऱ्याने यादीच वाचली. “राणी. परी. चिमणी.” मशीनखालच्या कुत्रीने कानसुद्धा हलवला नाही. “बहिरी दिसतेय,” सासूबाई म्हणाल्या. नवरा वैतागून नेहमीसारखा बायकोवर खेकसला, “अगं ए, पाणी आण.” कुत्री ताडकन उठली आणि शेपटी हलवत त्याच्या पायाशी हजर. हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सुनेने धागा तोडला, उठून बिल्ला नवऱ्याच्या हातावर आपटला. “‘अगं ए’च कोरून आणा. या घरात बाईला काय म्हणतात, ते हिला आठ दिवसांत कळलं. माझं एक नाव होतं, आठवतंय का बघा.”