चाक फिरू दे

मावशीच्या वधूवर सूचक केंद्रात एक स्थळ शोधायला दिलं की चहा होऊन कप विसळून व्हायचे, तरी कॉम्प्युटरवरचं चाक फिरतच असायचं. भाच्याने दुखणं लगेच ओळखलं. अक्षरं साठवायचं सेटिंग मुलींच्या यादीला एक होतं आणि मुलांच्या यादीला दुसरंच, त्यामुळे प्रत्येक जोडीगणिक मशीन एकाची अक्षरं दुसऱ्याच्या साच्यात ओतत बसायचं. त्याने दोन्हीकडे एकच सेटिंग केलं, आणि बटण दाबताच उत्तर येऊ लागलं.

संध्याकाळपर्यंत तीन घरं रागावून निघून गेली. "एवढ्यात बघितलंत पण? अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, जरा नीट शोधा."

"पूर्वीसारखं कर बाबा ते," मावशी म्हणाली. "चाक फिरत असलं की माणसाला धीर असतो."

"अगं, उत्तर तेच येतं," भाचा हसला. "अडाणी आहेत झालं."

मावशी घरी गेल्यावर, लग्नाचं वय उलटत चाललेल्या भाच्याने हळूच स्वतःचं नाव घातलं. बटणावरचं बोट उचलायच्या आत उत्तर आलं: योग्य स्थळ नाही.



निमूटपणे जुनं सेटिंग परत लावून त्याने पुन्हा बटण दाबलं. चाक फिरू लागलं, तसा त्याला जरा धीर आला.