बिनउडीची रेषा

थोरल्या सुनेची आत्या संगणकाच्या पडद्यावर चक्क तिच्या सासऱ्यांची बायको होऊन बसली होती. दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या, एवढंच. पण पाहणाऱ्याला ते कसं कळणार? नवरा हसून हसून बेजार झाला. तिला मात्र घाम फुटला. सासर आणि माहेर एकाच वंशवृक्षात हवं, हा हट्ट तिचाच होता. उद्या दोन्हीकडची माणसं घरी जमणार होती, दिवाणखान्यात हेच चित्र भिंतभर लागणार होतं, आणि छपाईवाला दुकान बंद करायच्या बेतात होता.

नावांच्या चौकटी मांडून त्या रेषांनी जोडायचं काम धाकट्या दिराने आपणहून अंगावर घेतलं होतं. हे एक नवलच. एरवी नातेवाइकांचं नाव काढलं की हा गडी पसार व्हायचा, कारण मागोमाग त्याच्या लग्नाचा विषय निघायचा. सासूबाईंनी आणलेल्या प्रत्येक स्थळात त्याने काही ना काही खुसपट काढलं होतं. त्या बिचाऱ्या काळजीने अर्ध्या झाल्या होत्या. आता तो कपाटाला टेकून नखं खात उभा होता.

थोरलीने संगणकावरचे सगळे पर्याय धुंडाळले आणि एकदाचा हवा तो सापडला. रेषा दुसरीला नुसती ओलांडत असेल, तर तिथे ती छोटीशी उडी मारणार, कमानीसारखी; दुसरीला जोडलेली असेल तर नाही. तिने बटण दाबलं. टपाटप उड्या उमटल्या. आत्याबाई सुटल्या, सासरे सुटले, सगळा गुंता डोळ्यांदेखत मोकळा झाला. तिला इतका आनंद झाला की तिने बसल्या जागी टाळ्या पिटल्या.

मग तिची नजर मधोमध अडकली. एका ठिकाणी उडी आलीच नव्हती. एक रेषा दिराची, दुसरी तिच्या धाकट्या बहिणीची. तिने पुन्हा बटण दाबलं. ढिम्म. चित्र मोठं करून पाहिलं, तर त्या दोन रेषा कुणीतरी एकमेकींना नीट जोडून ठेवल्या होत्या. घाईत हात चुकला असेल, असं म्हणून तिने जोड तोडला. लगेच तिथेही उडी उमटली.

"वहिनी, तेवढी उडी काढून टाक ना," दीर म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते. "तो जोड चुकून नाही पडलेला. आम्ही दोघांनी मिळून घातलाय. तोंडाने सांगायला जमेना."

तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. धाकटी याच घरात येणार! पण मान वळवली तर दारात सासूबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हट्ट तिचा, बहीणही तिचीच. आता खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फुटणार?

सासूबाईंनी चष्मा चढवला, पडद्यापाशी वाकल्या आणि नेमकं त्या उडीवर बोट ठेवलं.

"सकाळी मी पाहिलं, तेव्हा जोडच होता की इथे," त्या म्हणाल्या. "होता तसा कर बाई. आणि त्या दोघांच्या खाली थोडी जागा सोड."